माझ्या अंगातला रत्नाकर

जयनगर, बंगळूर
नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप गुंडोपंतांस,

साष्टांग नमस्कार घालायची फार इच्छा आहे, पण छातीचं हाड कापून पुन्हा तारेनं बांधलेलं असल्यामुळे डॉक्टरांनी पालथं पडायला मनाई केली आहे. तेव्हा उभ्यानंच, मान किंचित लववून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? अक्कांचा दमा बेळगावच्या थंडीत वर आला असेल. इकडे सुलभाची तब्येत माझ्या आजारपणात सुधारली आहे (मला वर्ज्य केलेलं तूप कुठेतरी जाणारच). ऑपरेशनच्या वेळी तुम्ही ‘येऊ का’ म्हणून दोनदा विचारलंत आणि मी दोन्ही वेळा ‘मुळीच नको, मी कुणाचे उपकार घेत नाही’ असं कळवलं. त्याचं पुढे काय झालं ते फोनवर सांगता येत नाही, कारण सुलभा शेजारी उभी राहून दुरुस्त्या सुचवते. म्हणून पत्र.

हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत, बायपास करायला हवं, असं ठरल्यावर इस्पितळानं सांगितलं की रक्त देणारी अर्धा डझन माणसं आणा. मी म्हटलं, एवढंच ना? मी मराठी स्नेहमंडळाचा अध्यक्ष. आमच्या मंडळाची प्रतिज्ञाच मुळी ‘मराठीसाठी रक्ताचा शेवटचा थेंबही देऊ’ अशी आहे (मीच लिहिली आहे). पण पहिला थेंब मागितल्यावर मंडळाची प्रकृती एकदम ढासळली. एकाचा चातुर्मास निघाला. खजिनदार आप्पाजींना लहानपणीची कावीळ आठवली. बसवंत तेवढा इस्पितळापर्यंत आला, पण सुई बघून त्यालाच आडवं करावं लागलं, आणि उठल्यावर रक्त देणाऱ्यांसाठी ठेवलेली कॉफी पिऊन तो घरी गेला. कार्यकारिणीनं मात्र मला दीर्घायुष्य चिंतणारा ठराव एकमतानं मंजूर केला. त्याची प्रत मला अतिदक्षता विभागात मिळाली.

मंडळ फुटल्याचं तुम्हांला माहीत आहे. आमच्याच गल्लीत राहणारा रत्नाकर, पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत आलेला. गणपतीच्या जेवणात मी इथला बिसीबेळेभात ठेवला, म्हणून तो पंगतीतून उठला आणि त्यानं ‘अस्सल मराठी स्नेहमंडळ’ काढलं (अस्सल म्हणजे मसालेभात). तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. दूधवाल्याकडे गाठ पडली, तर दोघंही म्हशीकडे बघायचो. तर तोच रत्नाकर आपली पाच माणसं घेऊन इस्पितळात आला आणि सगळे ओळीनं बाह्या सरसावून झोपले. सुलभा त्याच्या दारी जाऊन रडली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी कळलं असतं तर मी बाणेदारपणे नकार दिला असता, असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्हांला खरं सांगतो, मी फार घाबरलो होतो. आमचा पोरगा ध्रुव अमेरिकेत, आणि इथे छाती उघडणार म्हणतात. म्हशीनं रक्त दिलं असतं तरी घेतलं असतं.

शुद्धीवर आलो तो समोर रत्नाकर. माझ्याकडे न बघता टांगलेल्या बाटलीकडे बघून विचारतो, “आमचं व्यवस्थित चाललंय ना?” त्या दिवसापासून तो माझा भागीदार झाला आहे. खोकताना छातीशी उशी धरायची असते, ती मी धरली आहे की नाही हे तो तपासतो. रोज संध्याकाळी पार्कात फिरायला नेतो. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत (म्हणजे इथलं उभ्यानं खायचं हॉटेल) मी वड्याकडे नुसतं पाहिलं, तरी “माझ्या रक्तात तेल नको” म्हणून ओढत नेतो. मी चिडलो की म्हणतो, “स्वल्प शांत व्हा अण्णा, त्यात माझाही वाटा आहे.” (पुण्याचा माणूस ‘स्वल्प’ म्हणत कानडी बोलू लागला, यावरून किती रक्त गेलं असेल त्याची कल्पना करा.)

घरातही तेच. मी माझा कप स्वतः विसळला, तर सुलभा म्हणाली, “रत्नाकरभावोजींचं रक्त हो.” पुढे सर्वसाधारण सभेत मी सुचवलं की पंगतीला दोन्ही भात ठेवावेत. आप्पाजी शेजाऱ्याच्या कानात पुटपुटले, “बाटलीतून गेलेलं बोलतंय.” ठराव मंजूर होऊन दोन्ही मंडळं एक झाली. वास्तविक डॉक्टरांनी मला दोन्ही भात बंद केले आहेत. जे आपल्याला खायचंच नाही, त्यावरून किती भांडणार?

असो. मी ठणठणीत आहे. मला कुणाकडून काही नको. तुम्ही प्रवासाची तसदी घेऊ नये.

आपला,
दामोदर

ता. क. परवा तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं, रत्नाकरचं रक्त माझ्या अंगात किती दिवस टिकेल? ते हसायलाच लागले. नातेवाईक देतात ते रक्त पेढीत जातं आणि रोग्याला पेढीतलं जुळणारं मिळतं. रत्नाकरचा गट माझ्याहून वेगळाच आहे. त्याची एक बाटली मला चढली असती, तर हे पत्र अक्कांना सुलभानं लिहिलं असतं. म्हणजे माझ्या अंगात पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कुणा लेथवाल्याचं रक्त असेल, देव त्याचं भलं करो. रत्नाकरला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं, तर उद्यापासून फिरायला कुणाबरोबर जाऊ?

आणखी एक. गेल्या आठवड्यात पार्कात रत्नाकर छाती धरून बाकावर बसला आणि पित्ताच्या गोष्टी करू लागला. पित्त नव्हतं. सोमवारी त्याचं ऑपरेशन आहे, त्याच इस्पितळात. त्याची माणसं नुकतीच रक्त देऊन बसली आहेत, इतक्यात त्यांचं पुन्हा घेत नाहीत. माझं तर कधीच घेणार नाहीत. आप्पाजींची कावीळ उलटली आहे. आणि हा माणूस निर्धास्त. “माझं तुमच्याकडे आहेच ठेवलेलं,” म्हणतो. गुंडोपंत, मला हा माणूस हवा आहे. तुम्ही साठीच्या आत आहात, हे मी अक्कांना विचारून घेतलं आहे. तेव्हा दोन्ही मुलांना घेऊन शनिवारपर्यंत या. गट कोणताही चालतो. फक्त साडू आहोत हे त्याच्यापुढे बोलू नका. साडूचं रक्त आपलं धरत नाहीत, असं तो म्हणेल. मी त्याला तुम्ही माझे सख्खे भाऊ असल्याचं सांगून ठेवलं आहे.