आठ घरांची विहीर

६ फेब्रु. १९४९, रविवार. सातारा
सकाळी दाराला नोटीस. सोसायटीच्या विहिरीवर तेलाचं इंजिन, वर टाकी, घरोघर नळ. रहाट काढणार. त्यासाठी दर घरानं महिनाअखेर जादा वर्गणी भरायची. न भरेल त्याला विहीर बंद. खाली चेअरमनची सही. चेअरमन म्हणजे आपला दाजीबा, माझ्याच पलटणीतला. हाक न मारता चिकटवून गेला.

७ फेब्रु.
त्याला गाठलं. म्हटलं, "सभा कवा झाली रं?"
"कमिटीची झाली की."
"आठ घरांची म्हणतोय. मालक आपण आठ जण."
"गड्या, समद्यास्नी इचारत बसलो तर आनि धा वर्सं रहाटच वढत बसशील."
वर्गणी देणार नाही, असं लिहून दिलं. पेन्शन येते, देता येईल. पण असं नाही.

८ फेब्रु.
दिवसभर एकोणचाळीसचा उन्हाळा डोक्यात. वडूजकडचे आम्ही आठ जण, नोकरीत साठवलेल्या पैशांतून ही जागा घेतली. विहीर रजा काढून आपल्या हातांनी खणली. पाणी लागलं तेव्हा दाजीबानं माझी टोपी चिखलानं भरली. पहिली घागर माझ्या बायकोनं, तारानं ओढली. माहेरी पाण्यासाठी मैलभर चाललेली बाई. दारात विहीर बघून उगीच हसत होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली. रहाट करकरला की अजून दाराकडं...

११ फेब्रु.
पोटनियमांसाठी ट्रंकेतलं सभांच्या नोंदींचं जुनं प्रोसिडिंग बुक काढलं. चाळीस साली सेक्रेटरी मीच होतो. नियम मिळाला: जादा वर्गणी सर्व मालकांच्या सभेत, आठांपैकी पाच मतांनी. बरं वाटलं. पान उलटलं. विहिरीच्या कठड्यासाठी जादा वर्गणी, सभेचा उल्लेख नाही. "घर नं. ८ ची रक्कम येईपर्यंत पाणी बंद." अक्षर माझं. सही माझी. आठ नंबर म्हणजे हौसाबाई. त्याच साली विधवा झालेली.
मला काही आठवत नव्हतं, हे जास्त लागलं.

१२ फेब्रु.
हौसाबाईकडं गेलो. ती तांदूळ निवडत होती.
"वैनी, चाळीस साली मी तुमचं पाणी तोडलं व्हतं?"
"व्हय. आठ दिस." मान वर केली नाही. "तारा परसातनं दोन घागरी आणून द्यायची. तुमास्नी सांगू नगा म्हनायची."
तारा जाईपर्यंत सात वर्षं त्यावर एक शब्द बोलली नाही.
म्हटलं, "चुकलं माझं."
"आवं, झालं त्ये. आताचं बोला. खांदा उचलत न्हाई माजा. मला नळ पायजे." थोड्या वेळानं, "पर इचारून पायजे."
आठ घरांची सभा बोलवा, असा अर्ज लिहिला. त्यावर पहिली सही तिची. मी ताराचा रहाट वाचवायला निघालो होतो.

२० फेब्रु., रविवार
सभा झाली. आठही घरं. उठलो आणि चाळीसचं पान वाचून दाखवलं, सहीसकट. हौसाबाईची सगळ्यांसमोर माफी मागितली.
दाजीबा तडकला. "सोता केलंस आनि मला शिकवतोस व्हय?"
"तवा मला आडवायला कुनी उठलं न्हाई, दाजीबा."
नोटिशीतली पाणी बंद करायची ओळ त्यानं स्वतः खोडली. इंजिनासाठी हात मोजले. बाजूनं चार, हौसाबाईचा सर्वांत आधी. विरुद्ध तीन. उरलो मी.
हात मांडीवरच राहिला. दाजीबा आज चिडला नाही. म्हणाला, "उद्या सकाळी येतो घरी. सांग."

२१ फेब्रु.
उजाडताच विहिरीवर गेलो. हौसाबाई डाव्या हातानं दोर ओढत होती. पुढं होऊन घागर काढून दिली. "लय उपकार," म्हणाली, हसली नाही. ती गेल्यावर रहाट नुसताच एकदा फिरवला. ताराला विचारता आलं असतं तर काय म्हणाली असती? 'रहाट राहू द्या' आणि 'वैनीस्नी नळ द्या', दोन्ही म्हणाली असती बहुतेक. आधी एक, मग
दाजीबाची हाक आली. उठतो.