सोळा तासांचा दिवा

म्हैसूर, २२ मे १९८६

प्रिय आईस श्रावणचा जयभीम.

मी बरा आहो, जेवण वेळेवर करून राहिलो. तू दोन घास खाते ना? रामाकोन्यात ऊन उतरलं काय?

कॉलेजात माझ्याकडे माशांच्या दोन टाक्या आहेत. पाणी सारखंच, पण एकीवर सोळा तास दिवा, दुसरीवर आठच तास. महिन्यानं दोन्हींचं पाणी हळूहळू तापवतो, तर आठ तासवाले मासे तोल जाऊन आधी उलटे होतात. सर म्हणतात, दिवस लांबला की माशाचं अंग उन्हाळ्याची तयारी करते.

बाबाले त्या दिवशी बगिच्यात जाऊ दिलं म्हणूनच ऊन लागून ते गेले, असं तू म्हणत राहते, हे इंदूनं लिहिलं. तुझी काही चूक नाही, आई.

इंदू, इथून पुढचं आईले वाचून दाखवू नको. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरनं आठच दिवस अंधारात ठेवायले सांगितलं होतं. बाबाले दोन महिने अंधाऱ्या खोलीत ठेवा, असं मीच लिहिलं. तिथून ते थेट वैशाखाच्या उन्हात गेले. माणसाचंही माशासारखंच असते काय, हे सरले विचारायची माझी हिंमत होत नाही.

आईनं विचारलं तर सांग, पत्र तिथंच संपलं.

तुझा दादा,
श्रावण