वॉल्टरच्या भांड्यातला फणस

प्लेनो, टेक्सस
नोव्हेंबर २००५

ती. रेखाताईस,

उल्हासचा साता समुद्रापलीकडून वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना, की अजून रात्री उठून श्रीखंडाचा डबा उघडतात? इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण शनिवारी संध्याकाळी इथे काडीचंही क्षेम नव्हतं. हे फोनवर सांगता येत नाही. मी फोन हातात घेतला की आई असेल ते काम टाकून शेजारी येऊन बसते आणि कॉलिंग कार्डाची निम्मी मिनिटं 'विचार, नळाला पाणी येतं का' यातच संपतात. म्हणून हे पत्र. वाचून फाडून टाक.

आमच्या शेजारी वॉल्टर राहतो. पंच्याहत्तरीचा म्हातारा आहे. (एकेरीत लिहितोय म्हणून रागावू नकोस, इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात. आई त्याला 'वॉल्टरराव' म्हणते आणि तो ओ देतो.) ऑगस्टमध्ये आई अंगणातल्या पाण्याच्या पाइपात पाय अडकून पडली, तेव्हा मी आणि आसावरी, नवरा-बायको दोघंही ऑफिसात. यानेच तिला आपल्या ट्रकमध्ये घालून हॉस्पिटलात नेलं आणि आम्ही पोचेपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिला. तिला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी नाही, तरी गप्पा छान झाल्या असं दोघांचंही म्हणणं. पुढच्याच महिन्यात त्याची बायको मार्था गेली. तेव्हापासून हा माणूस जेवेचना. विचारलं की हात हलवून 'आय एट, आय एट' म्हणायचा, पण पँट कमरेवर राहत नव्हती गं. मला खरोखर भीती वाटायला लागली की हा हिवाळा काही हा काढत नाही.

एक दिवस तो मार्थाचा स्लो कुकर आमच्याकडे देऊन गेला, त्याच्या घरी आता कोण वापरणार म्हणून. (स्लो कुकर म्हणजे विजेवरचं जड चिनी मातीचं भांडं. सकाळी सगळं आत टाकायचं, संध्याकाळपर्यंत आपोआप शिजतं. शिट्टी नाही, काही नाही.) आई म्हणाली, शेजारच्या घरचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. अगं, त्याने कायमचं दिलंय म्हटलं, तर ऐकेल ती आई कसली! तिने त्यातून साबुदाण्याची खिचडी पाठवली. वॉल्टरने एक घास खाल्ला, दाण्याचं कूट घशात अडकून खोकला, पाणी प्यायला आणि भांडं धुऊन परत आणून दिलं. त्यावर आईचा हुकूम सुटला, 'त्यांना काय आवडतं ते विचार आणि तूच कर.' मी विचारलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, मार्था रविवारी बीफ रोस्ट करायची.

आता बोल! आईला काय करणार ते सांगायची सोय नाही आणि म्हाताऱ्याला उपाशी ठेवायची छाती नाही. आसावरीने सरळ हात वर केले आणि मैत्रिणीकडे निघून गेली. शनिवारी आई पूजेला बसली तशी मी हातात भांडी घासायचे रबरी मोजे चढवून, दुसरीकडे बघत, तो मांसाचा गोळा, बटाटे आणि गाजरं भांड्यात लोटली आणि भांडं गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी लावून दिलं. वॉल्टरने मला एकच गोष्ट बजावली होती, मध्ये झाकण उघडायचं नाही. उघडलं की वाफ जाते आणि मांस चिवट राहतं. एवढंच लक्षात ठेवायचं होतं.

पण त्या दिवशी संकष्टी! आईला उपासाचे बटाटे हवे होते आणि बटाट्यांचं पोतं गॅरेजमध्ये. ती परत आली ती नाकाला पदर लावून. गॅरेजमध्ये काय रटरटतंय? माझ्या तोंडातून निघून गेलं, फणस. डब्यातला, वॉल्टरसाठी. (फणसाचे कसे धागे सुटतात, तसेच दिसत होते गं. दुसरं काही सुचलंच नाही.) म्हटलं, चला, निभावलं. कसलं निभावलंय! फोडणीशिवाय फणस? मी अडवेपर्यंत तिने हिंग, मोहरी, सुक्या मिरच्यांची फोडणी करून झाकण उघडून ओतलीसुद्धा. मग गोडा मसाला. मग गुळाचा खडा. दर थोड्या वेळाने जाऊन झाकण काढून बघायचं, 'अजून कच्चा आहे हो' म्हणायचं आणि ढवळायचं. उपास म्हणून चव घेत नव्हती, एवढीच गणपतीची कृपा. पण चंद्र उगवला की उपास सुटणार, आणि उपास सुटला की ती आधी मीठ बघणार. आठच्या सुमारास चंद्र वॉल्टरच्या छपरामागून येतो. तू विचार कर, मी दिवसभर एक डोळा त्या छपरावर आणि एक गॅरेजच्या दारावर ठेवून बसलो होतो. काट्याने टोचून बघावं तर मांस दगड.

अंधार पडला तसं मी ठरवलं, शिजो न शिजो, भांडं उचलायचं आणि पळायचं. गॅरेजमध्ये गेलो तर आई तिथेच उभी. एका हातात डाव आणि दुसऱ्या हातात देवाची चांदीची वाटी. शेजाऱ्याला देण्याआधी गणपतीला नैवेद्य दाखवते म्हणाली.

ताई, मी आयुष्यात तिच्याशी शंभरदा खोटं बोललोय, तुला माहीतच आहे, पण हे जमेना. डाव भांड्यात जाणार तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं आणि म्हणालो, आई, फणस नाहीये. गाईचं आहे. वॉल्टर दुसरं काही खात नाही.

 तिने वाटी पदराखाली घेतली आणि आत गेली. न्हाणीघरात पाणी वाहत राहिलं, वाटी घासल्याचा आवाज येत राहिला, आणि मी यंत्रावर बसून रडायच्या बेतात आलो. म्हटलं, संपलं, आता ही माझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. तर ओल्या केसांनी बाहेर आली आणि दारातूनच विचारलं, 'शिजलं का?' मी काटा टोचून बघितला, या वेळी तो आत गेला, म्हणून मान डोलावली. 'मग बघत काय बसलायस? तो उपाशी बसला असेल.'

मी भांडं धरलं, ती दोन हात अंतर ठेवून मागे. वॉल्टरच्या घरात शिरल्या शिरल्या तिने त्याचा फ्रिज उघडला. (हो, न विचारता. मी मेलो शरमेनं.) आत मोहरीच्या चटणीची एक बाटली आणि टॉर्चचे सेल. आईने फ्रिज लावला आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. पहिला घास खाऊन वॉल्टरने काटा खाली ठेवला. हे मार्थासारखं अजिबात नाही म्हणाला.  मग त्याने दुसरा घास घेतला, मग पुन्हा वाढून घेतलं, ब्रेडने ताट पुसून खाल्लं, आणि रुमालात तोंड घालून रडला. चंद्र केव्हाच वर आला होता. तो जेवून उठेपर्यंत आई काही हलली नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
उल्हास

ता. क. – दोन किलो गोडा मसाला पाठव. वॉल्टरने दर रविवारी तस्संच हवं म्हणून सांगितलंय. शिजवायचं मी, ती इथे आहे तोवर फोडणी आई दारातून सांगणार, असं ठरलंय.

ता. क. २ – खरं काम आता लिहितो. त्या रात्री घरी येऊन आई जेवली, आणि हात धुताना एकच विचारलं, 'तुझे बाबा तिकडे सहा महिने एकटे आहेत. रोज फोनवर जेवलो म्हणतात. तू पाहिलंयस का?' मी पाहिलं नाही. तू त्याच गावात असून पाहिलंयस का, ताई? न सांगता एखाद्या संध्याकाळी जा आणि आधी फ्रिज उघड.

ता. क. ३ – आईने माझ्याकडून तिकीट अलीकडचं करून घेतलंय. डिसेंबरअखेरीऐवजी पंधरा तारखेलाच पोचते. बाबांना अजिबात कळू देऊ नकोस. कळलं तर ते आदल्या दिवशी बाजारात जाऊन फ्रिज भरून ठेवतील.