पेले धुण्याच्या खोलीतून

आई, "तुला काय वाटतं, हे देवानं तुला विचारलंय का?" असं तू मला एकदा म्हणाली होतीस. मी चौदा वर्षांची होते आणि तुझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळ्या द्राक्षांत होते. दिंडोरीकडच्या एका बागाईतदारानं चर्चच्या मंडळीसाठी पाठवलेले क्रेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत रचलेले होते. तू आणि शेजारच्या काकू जमिनीवर बसून घड सोडवत होतात. दर महिन्याच्या प्रभुभोजनात चर्चमध्ये सगळे इवल्या पेल्यातून घेतात तो रस, वर्षभराचा, आपल्याच घरी व्हायचा. माझे दृढीकरणाचे, म्हणजे पहिल्यांदा पेला घेण्याआधीचे, वर्ग चालू होते. प्रार्थना करताना मला काहीच वाटत नाही, डोळे मिटले की नुसता अंधार दिसतो, असं मी सगळा धीर गोळा करून तुला सांगितलं होतं. तू वर पाहिलंही नाहीस. ते वाक्य बोललीस आणि लगेच म्हणालीस, "देठ राहिलाय बघ त्याला." काकू हसल्या. त्या निफाडकडच्या, त्यांची जीभ कायम मोकळी. "आन् एकच घड किती येळ धरून बसलीस गं? द्राक्षं निवडती का नवरा?" मी रडकुंडीला आले होते आणि मला हसूही आलं. माझा प्रश्न तिथेच, सालींच्या ढिगात राहिला.

तुला रस करताना पाहणं आणि नर्सच्या कपड्यांत वॉर्डात पाहणं यात फार फरक नव्हता. द्राक्षं आधी मिठाच्या पाण्यात, कारण वर फवारणीचं औषध. मग मोठ्या पातेल्यात, साखरेचा दाणाही न घालता. गाळायला मलमलीचं फडकं. बाटल्या मात्र तू आदल्या दिवशीच धुऊन ठेवायचीस आणि भरायच्या आधी वीस मिनिटं उकळायचीस, इंजेक्शनच्या सुया उकळाव्यात तशा, छातीला पिन केलेल्या घड्याळाकडे बघत. गरम बाटलीत गरम रस, वर बूच, बुचावर मेण. चाखायचा कुणीच नाही, तूसुद्धा नाही. पहिला घोट चर्चमध्ये, प्रभूच्या मेजावर. शाळा सुटल्यावर मी कधी तुझा डबा घेऊन दवाखान्यात येते तेव्हा तू औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी असतेस, एक हात ट्रॉलीवर, ओठ हलतायत, डोळे उघडे. डोळे न मिटता कसली प्रार्थना, असं मी विचारते. तू म्हणतेस, "ट्रॉलीला चाकं आहेत बाई." लग्नात तू मला ते पातेलं आणि ते फडकं दिलंस. "दागिने सासूबाई घालतील. हे कोण देणार?" मी तेव्हा जरा खट्टू झाले होते, आज सांगून टाकते.

आणखी एक रविवार मला आठवतो. पेल्यांचा ट्रे आपल्या बाकापाशी आला आणि तू तो हातात न घेता पुढे दिलास. मी घाबरले. आपल्याकडे पेला सोडणं म्हणजे आपलं मन शुद्ध नाही हे चारचौघांत कबूल करणं, ते त्या लहान वयातही कळत होतं. घरी येताना विचारलं तर म्हणालीस, "तुझ्या आत्याशी माझं भांडण मिटलेलं नाही. खोट्या मनानं तो पेला हातात घ्यायचा नाही." जेवलीसुद्धा नाहीस. तशीच बस धरून नाशिकरोडला आत्याकडे गेलीस आणि संध्याकाळी तिच्या हातची शेव घेऊन परत आलीस. पुढच्या महिन्यात पेला घेतलास. आई, तुझ्या अडचणीला पत्ता होता. बस धरून तिथे जाता येत होतं.

माझ्या अडचणीला पत्ता नाही. तीन वर्षांपूर्वी एका साध्या रविवारी, गीत चालू असताना, माझ्या लक्षात आलं की मी गातेय आणि आत काहीही हलत नाहीये. थकवा असेल असं वाटलं. पुढच्या रविवारी तसंच. मग तसंच राहिलं. लोकांना कारण लागतं, पण मला देता येत नाही. कुणी गेलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, तू जाऊन तर आठ वर्षं झाली होती आणि तेव्हा मी रडले होते, नीट, मनापासून. हे रडण्यासारखंही नाही. दाढ काढताना सुई देतात, मग गाल आपलाच असतो पण बोट लावलं तर कुणा दुसऱ्याचा वाटतो, तसं. मी सगळं करते. इंदिरानगरच्या या फ्लॅटमध्ये रोज रात्री जेवणाआधी आम्ही हात जोडतो, सकाळी मी पवित्र शास्त्र उघडते, खूण पुढे सरकवते, बंद करते. देव नाही असं मला कधी वाटलेलं नाही. तो आहे, आणि माझ्याशी बोलत नाही, किंवा बोलतो आणि मला ऐकू येत नाही. नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं. तो गायनमंडळात आहे, मनानं सरळ माणूस. म्हणाला, "अगं, बी-ट्वेल्व्ह तपासून घे." तपासलं. चांगलं आहे.

तुझी दोन वाक्यं माझ्याकडे आहेत. वाटतं की नाही ते देवानं विचारलेलं नाही, हे एक. खोट्या मनानं पेला घ्यायचा नाही, हे दुसरं. पहिलं धरलं तर मी बाकावर बसून तो पेला घ्यायला हवा, दुसरं धरलं तर सोडायला हवा. सोडला तर शेजारची बाई बघणार, तिची सून बघणार आणि संध्याकाळपर्यंत चर्चचे पाळकसाहेब विचारपूस करायला घरी येणार. मी तिसरंच केलं. चर्चच्या मागच्या खोलीतलं काम मागून घेतलं. पेले भरायचे, ट्रे दारापर्यंत द्यायचे, रिकामे परत आले की धुवायचे. भिंतीपलीकडे सगळे घेतात आणि अलीकडे मी नळाखाली ते इवले काचेचे पेले उलटे करत असते. किती सेवाभावी, आईवर गेली, असं सगळे म्हणतात, आणि माझा पेला मी आतच घेत असेन असं धरून चालतात. तीन वर्षं मी पेला सोडलेला नाही आणि घेतलेलाही नाही.

यंदाही मार्चमध्ये रस केला. तुझंच पातेलं, तुझंच फडकं. बाटल्या उकळायला ठेवल्या होत्या की नाही, ते मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. ओट्यापाशी उभी होते एवढं आठवतं. बहुतेक निम्म्या उकळल्या आणि निम्म्या नुसत्या धुतलेल्या भरल्या. गेल्या महिन्यात पहिल्या रविवारी बूच काढलं तर फस्स झालं, फेस वर आला. वासही आला. तो वास मला कळला आणि कळून तिथेच थांबला, पुढे त्याचं काही झालं नाही. मी चमच्यानं फेस काढला, पेले भरले, ट्रे दिले.

उपासना सुटल्यावर काकू मागच्या खोलीत आल्या. आता त्या काठी घेऊन चालतात. दार लोटलं आणि म्हणाल्या, "काय पाजलंस गं बाई आज? पाळकसाहेबांच्या डोळ्यात पाणी आलं, मला वाटलं लय भरून आलं त्यांना. मंग मी घोट घेतला तवा कळलं." मी म्हटलं, "आंबला होता?" त्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं. "मला काय विचारती? तू घेतलास तवा तुला नाय कळलं?"

मी नळ बंद केला. काकूंनी खुर्ची ओढली, बसल्या, काठी भिंतीला टेकवली.

"कवापासून?"

"तीन वर्षं."

"भांडण हाय कुणाशी?"

"नाही काकू. तेही नाही."

त्यांनी एक ओला पेला उचलून ट्रेमध्ये उलटा ठेवला. मग मी ते विचारलं, जे तुला विचारायचं राहून गेलं होतं. आईला कधी असं झालं होतं का? हो म्हणतील असं मला वाटलं होतं, म्हातारी माणसं अशा वेळी हो म्हणतात. काकू म्हणाल्या, "नाय. खोटं कशाला बोलू? तुझ्या आईचं पक्कं होतं. तिला देव असा, ह्या खुर्चीवर बसल्यावानी होता. तिला हे कळलंच नसतं." मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "मला झालंय. माझा थोरला गेला तवापासून. अजून हाय."

काकूंची प्रार्थना तुला ठाऊक आहे. सगळ्या मंडळीत त्यांचा आवाज मोठा, रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघतात. मी म्हटलं, "मग एवढ्या मोठ्यानं कशी करता?"

"हळू केली तर माझी मलाच खरी वाटत नाय." उठता उठता त्यांनी बजावलं, "पुढच्या महिन्याला पेले मी धुनार. तू बाकावर बस."

"आणि ट्रे आला की?"

"ते तुझं तू बघ. मी काय पाळक हाय?"

ते उद्या आहे, आई. आज दुपारी काकूंकडे आम्ही काळ्या मनुका भिजवून, उकळून रस केला, द्राक्षं कमी पडली की तू करायचीस तसा. बाटल्या काकूंनी स्वतः मोजून वीस मिनिटं उकळल्या, मला हातही लावू दिला नाही. आंबलेल्या बाटल्या मी गच्चीवरच्या कुंड्यांत ओतल्या. आता चार वाजलेत, नवरा आतल्या खोलीत उद्याच्या गीताचा सराव करतोय, एकच ओळ परत परत, आणि मी जेवणाच्या टेबलावर हे लिहितेय. उद्या घेईन की पुढे देईन, मला माहीत नाही. एवढंच कळलंय की मागच्या खोलीत आणखी तीन वर्षं काढली तर एक दिवस मी तिथूनही उठून घरी येईन, आणि कुणाला काही वेगळं वाटणार नाही, मलाही नाही. मला त्याचीच भीती वाटते. बऱ्याच दिवसांनी मला कशाची तरी भीती वाटतेय.

बाबा गेले तेव्हा कबरीपाशी मी त्यांच्याशी बोलायला लागले तर तू माझा दंड धरून मला उठवलं होतंस. "ते प्रभूजवळ आहेत. त्यांना इथले निरोप पोचवायचे नाहीत. बोलायचं ते त्याच्याशी बोल." मेणबत्तीही लावू दिली नव्हतीस. म्हणजे हे पत्र तुला चालणार नाही, आणि ते कुठे टाकायचंही नाहीये. शास्त्रात ठेवलं तर उद्या बाकावर खाली पडेल, म्हणून फाडेन. पण खरं सांगते, त्याच्याशी बोलायला बसले की मला दोन ओळींच्या पुढे जाता येत नाही, आणि तुझ्याशी बोलताना एवढी पानं झाली.

तेव्हा एक मागते. उद्या साडेदहाच्या सुमारास, ट्रे आमच्या बाकाकडे निघेल तेव्हा, प्रभूपाशी माझ्यासाठी एक शब्द टाक. तू नाही म्हणशील. हे आपल्यात बसत नाही म्हणशील, तुला तोंड दिलंय ना त्यानं, म्हणशील. ठाऊक आहे मला. तरी टाक.