खाऱ्या टाकीत गोडं पाणी

३ ऑगस्ट

चि. चिमणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

उपचारांसाठी माझ्याकडे आल्यापासून तुझी आई स्वतःच्या दुखण्यापेक्षा घरच्या माशांच्या टाकीचीच चौकशी जास्त करते. काल सलाइन चालू असताना मला ऐकवलं, तुझ्या गप्पी म्हणजे काहीही खपवून घेणारे पाहुणे, माझी नारिंगी जोडी मानी आहे. खरंच आहे. माझ्या गोड्या पाण्यात थोडी हयगय चालते, तिच्या खाऱ्या पाण्यात चालत नाही. पाणी उतरलं की तेवढी भर घालत जा. घरी जाऊन मासे बघायचे, या एका आशेवर ती औषधं घेते आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा मामा


१९ ऑगस्ट

ती. मामांस सा. न.

मामा, दोन्ही मासे गेले. पाणी रोज बोटभर उतरायचं. समुद्राची टाकी, म्हणून आई पाणी बदलताना घालते तसं मी दर वेळी समुद्री मीठ कालवून भर घातली. मासेवाला म्हणाला, उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं. भर साध्या पाण्याची घालायची. मी त्यांना खारवून मारलं. आईला सांगू नका. बरी होऊन आली की मीच सांगेन.

माझ्यावर रागावू नका.

तुमची चिमणी


२७ ऑगस्ट

चि. चिमणीस आशीर्वाद.

साधं पाणी, हे सांगायचं माझ्याच डोक्यात आलं नाही. तेव्हा स्वतःला कोसू नकोस.

तुझ्या सांगण्यावरून मी थापा मारत राहिलो. काल आईने सहज विचारलं, दिवा लागला की मोठी मादी काचेशी येते ना. मी म्हटलं, धावत येते. मग म्हणाली, दादा, ती कधीच कोपरा सोडत नसे. मला सगळं सांगावं लागलं. तुझ्यावर रागावली नाही. म्हणाली, पोरीने मीठ अगदी मोजून घातलं असणार.

डॉक्टरांनी उपचार थांबवले आहेत. शनिवारी तिला घरी आणतो. तिचा पलंग टाकीसमोर लाव. खारी टाकी नव्याने माशांजोगी व्हायला महिने जातात. तेवढे आता आपल्याकडे नाहीत. म्हणून वाळू, दगड काढून टाकी धू, मिठाचा अंश ठेवू नकोस, आणि पत्र मिळताच नळाचं पाणी भरून क्लोरीन उडून जायला उघडं ठेव. माझ्या टाकीतला गाळणीचा वापरातला स्पंज आणि थोड्या गप्पी सोबत आणतो. त्या स्पंजातल्या उपयोगी जिवाणूंमुळे गोडं पाणी माशांना लवकर मानवतं.

गप्पी बघून ती मला टोमणे मारेल. तेवढी ताकद तिच्यात शनिवारपर्यंत राहो.

तुझ्यावर जीव असलेला,
मामा