लाल शाईने खोडलेला साप

काकू, तुमचा साप वेगळाच निघाला. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्हाला प्रस्तावना कधीच आवडली नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत कुणी पानभर भूमिका मांडली की तुम्ही ती तिरकी रेघ मारून उडवायचात आणि विचारायचात, "सापाचं काय झालं ते सांग ना." तर सापाचं असं झालं, की तो साधा कवड्या नाही. त्याचं कूळ वेगळं आहे, आणि परवा रायपुरातच, माणसांनी गच्च भरलेल्या सभागृहात, या कामासाठी मला पुरस्कार मिळाला. एका थोर सर्पतज्ज्ञाच्या स्मरणार्थ, सापांची उत्क्रांती आणि वर्गीकरण यावरच्या संशोधनाला देतात तो. तुम्ही त्याच्याविषयी वाचलं असतं तर "मिळत असेल मोठ्या शहरातल्यांना" म्हणून पेपर घडी करून ठेवला असता. यंदा तो आपल्या मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात आला, काकू! नेसायला मी मुद्दाम तुमच्या आवडीची हिरवी साडी काढली होती, आणि मंचावर चढताना अगदी ताठ चालले. लोकांना वाटलं असेल, बाईला गर्व झालाय. झालाच होता.

तुमचं ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. आम्ही तुमच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाडेकरू, वडील रेल्वेत कारकून, विदर्भातून बदली होऊन आलेले. कॉलेजात मी तुम्हाला मॅडम म्हणायची आणि घरी काकू, आणि दोन्हीकडे बोलणी सारखीच खायची. उजेड चांगला येतो म्हणून तुम्ही साप मोजायला स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायचात. त्यासाठी एक स्टीलची ताटली वेगळी काढलेली, चुकून जेवणात जाऊ नये म्हणून तिच्या कडेला लाल रंगाची खूण. काका तेवढा वेळ चहासुद्धा बाहेरच्या टपरीवर घेत. सगळ्या पाऱ्याला तुम्ही सांगून ठेवलं होतं, साप मारू नका, पण मारलाच असेल तर फेकूही नका, मला आणून द्या. पावसाळाभर लोक डब्यांतून, पिशव्यांतून मेलेले साप घेऊन दाराशी यायचे. माझी आई नव्या शेजारणींना आधीच सांगून ठेवायची, की त्या घरातल्या बंद डब्याचं झाकण विचारल्याशिवाय उघडायचं नाही.

हा साप गुढियारीहून आला. मालधक्क्यावरच्या एका हमालाने धानाच्या पोत्यांत तो मारला होता, आणि टोपलीत घालून, वर पोतं टाकून, मण्यार समजून हात लांब धरून तुमच्या ओट्यावर ठेवला. "करैत हे मैडम, धियान से." तुम्ही चिमट्याने त्याचं तोंड उघडलं, पुढचे लांब, पण विषाची नळी नसलेले दात पाहिले आणि हसलात. "नाही रे बाबा, करैत नोहे. हा बिनविषारी आहे. उगाच मेला बिचारा." मग हसू थांबलं. तुम्ही त्याला उलटा केला, पाठीवरचे पट्टे पाहिले, पुन्हा उलटा केला, आणि मला म्हणालात, "पोट्टी, हा कवड्यासारखा आहे, पण कवड्या नाही. मले दिसून राहिलं." बरणीच्या चिठ्ठीवर तुम्ही निळ्या शाईने लिहिलंत, 'वेगळा?' ते प्रश्नचिन्ह तेवढं तुमच्या स्वभावातलं. बाकी तुमची खात्री झाली होती, आणि त्या खात्रीपायी तुम्ही कॉलेजच्या चर्चासत्रात उभ्या राहिलात.

तिथे बाहेरून आलेले ते मोठे प्राध्यापक काय म्हणाले, ते मी शेवटच्या बाकावरून ऐकलं. "मैडम, रसोई में सब्ज़ी की नई किस्म निकलती है, साँप की नहीं." सगळे हसले. आपल्या विभागातले लोकही हसले, याचा मला अजून राग येतो. तुम्ही हसला नाहीत, रडलाही नाहीत. म्हणालात, "पोटावरचे खवले मोजून सांगते." कवड्याच्या पोटावर जितके आडवे खवले असायला हवेत त्याहून याचे जास्त भरले, तर बोलणाऱ्यांची तोंडं बंद होणार होती. पण तेव्हा तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भिंगातूनही खवल्याची कड दोन दोन दिसायची. म्हणून तुम्ही माझे डोळे मागितलेत.

तुमची मोजायची रीत आता मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि ते तोंड लपवून हसतात. उजव्या हातात टाचणी. दर दहा खवले झाले की डाव्या हाताने वाटीतला एक फुटाणा उचलून बशीत ठेवायचा, म्हणजे मध्येच कुणी हाक मारली तरी आकडा हरवत नाही. शेवटी बशीतले फुटाणे मोजायचे, दहाने गुणायचे आणि वरचे सुटे खवले मिळवायचे. अशी मोजणी तीनदा. एकदा डोक्याकडून शेपटीकडे, एकदा शेपटीकडून डोक्याकडे, आणि तिसरी दुसऱ्या दिवशी, शिळ्या डोळ्यांनी नव्हे, झोप झालेल्या डोळ्यांनी. तिन्ही मोजण्या झाल्यावर फुटाणे मोजणाऱ्याचे. "आधी हात लावशील तं याद राख. पोट भराले नाही ठेवले ते," असं तुम्ही दर वेळी बजावायचात.

त्या दुपारी तुम्ही कॉलेजात होतात, आणि मी खिडकीत बसून मोजलं. एकवीस फुटाणे आणि वर सात. दोनशे सतरा. दुसऱ्या दिवशी तुम्ही रजिस्टर उघडलंत, तीन रकान्यांत तीनदा दोनशे सतरा पाहिलं. दोनशे सतरा म्हणजे साधा कवड्या, त्यात बसणारा. मी म्हटलं, "काकू, परत मोजू का?" तुम्ही म्हणालात, "काहून? तीनदा सारखा आला ना? मंग झालं तं." लाल शाईचा पेन काढलात आणि स्वतःच्या हाताने चिठ्ठीवरचा 'वेगळा?' खोडलात. खाली लिहिलंत, 'साधा. माझी चूक.' त्या प्राध्यापकांनाही पत्र टाकलंत, दोन ओळींचं, कुठेही सबब नाही. आणि मला तुमचं पितळी कडेचं भिंग दिलंत. "तुह्या डोळ्यांवर माझा भरोसा आहे. माह्याकडे पडून काय करते?" तुमच्याइतकं स्वच्छ हरणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. त्यानंतर तुम्ही नवा साप म्हणून कशावरही बोट ठेवलं नाहीत, आणि चार वर्षांनी गेलात.

तुमच्या माघारी कॉलेजने जुन्या बरण्या काढून टाकायचं ठरवलं. तेव्हा मी नोकरीला लागले होते. रिक्षात मांडीवर घेऊन तुमच्या अकरा बरण्या आणि ते रजिस्टर घरी आणलं. रिक्षावाल्याने विचारलं, "दीदी, अचार है क्या?" मी हो म्हटलं, नाहीतर त्याने मध्येच उतरवलं असतं. मग एका सुट्टीत, सकाळच्या उन्हात, तुमच्याच भिंगाने मी तो साप पुन्हा मोजला. दोनशे सत्तावीस. पुन्हा मोजला, उलटीकडून. दोनशे सत्तावीस. दुसऱ्या दिवशीही तेच. मी टाचणी खाली ठेवली. तुम्ही बरोबर होतात. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, ओट्यापाशी, एका नजरेत बरोबर होतात!

पुढचं सगळं त्यातून निघालं. फॉर्मलिनमधल्या जुन्या मांसातून डीएनए हाती लागेना, म्हणून तीन पावसाळे मी शहराबाहेरच्या रस्त्यांवर गाडीखाली आलेले साप वेचत हिंडले. तिसऱ्या वर्षी तसाच एक सापडला, मग आणखी दोन. खवले जुळले, दात जुळले, कवटी जुळली, आणि डीएनए पाहिल्यावर कळलं, की साध्या कवड्यापासून याची वाट माणूस जन्मायच्या कितीतरी आधी फुटली होती. हे कूळ इथेच होतं, आपल्या धानाच्या पोत्यांत झोपत होतं. मी त्याला तुमचं नाव दिलं. आता जगात कुठेही कुणाला या सापाविषयी बोलायचं असेल, तर तुमचं नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि कुणी घेतलं ते ऐका. ते प्राध्यापक आता काठी टेकत चालतात. प्रमुख पाहुणे तेच होते. मानपत्र त्यांनीच वाचायचं होतं. सापाच्या नावापाशी आले, चष्मा वर केला, थांबले, आणि माईकवर तुमचं नाव घेतलं, लॅटिन शेपटीसकट, अख्ख्या सभागृहापुढे. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "मैडम ने सही देखा था. हँसा मैं था." लोक उठून उभे राहिले. टाळ्या माझ्यासाठी होत्या असं फोटोत दिसतं. फोटोला काय कळतंय? घरी आल्यावर माझ्या लेकीने मेडल गळ्यात घातलं आणि विचारलं, "मम्मी, काकू देखतीं तो क्या बोलतीं?" मी म्हटलं, "सापाचं काय झालं, असं विचारतील." आणि मग मला एवढं हसू आलं, आणि एवढं रडू.

त्या मानपत्रात एक ओळ आहे, 'त्यांच्या काटेकोर मोजणीच्या शिस्तीबद्दल'. ती ऐकताना मी खाली पाहिलं. नंतर एका वार्ताहराने विचारलंही, जुन्या नोंदीत बरोबर दहाचाच फरक कसा पडला? मी म्हटलं, जुन्या काळची नोंद, होतं असं. त्याने ते लिहून घेतलं. उद्या छापून येईल, आणि लोकांना वाटेल चूक तुमची.

म्हणून आज तुमचं रजिस्टर काढलंय. बशी, वाटी, भिंग, सगळं खिडकीत मांडलंय. त्या पानावरचे तिन्ही आकडे मी लाल शाईने खोडले, तुम्ही खोडलं होतंत तसेच, आणि खाली लिहिलं, 'चूक माझी.' कारण लिहायला जागा पुरली नाही, म्हणून हा कागद. तो त्याच पानात घडी करून ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? वार्ताहराला मात्र आज दुपारी फोन करते. काकू, त्या दिवशी मला भूक लागली होती. बशीतला एक फुटाणा मी खाल्ला. आणि दुसरी, तिसरी मोजणी मी केलीच नाही, पहिलाच आकडा तीनदा लिहिला.