आजाराचं इंग्रजी नाव

सर, तुम्हाला जाऊन जमाना झाला, पण माझा राग अजून धडधाकट आहे. अहेरीच्या शाळेत तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवायचात. 'स्मॉलपॉक्स हा आजार, व्हेरिओला हा त्याचा विषाणू, दोघांची सरमिसळ करायची नाही,' असं टेबलावर छडी आपटून सांगायचात. आम्ही पडलो 'माता आली' म्हणणारी माणसं, आम्हाला हसायचात.

त्या वर्षी आमच्याच घरी भावाला देवी निघाल्या. घरात देवी असेतोवर तिला आजार म्हणायचं नाही, म्हटलं तर ती कोपते, असं आमच्याकडे मानत. तरी आईनं मला चोरून तुमच्याकडे पाठवलं, कारण देवी टोचणारा त्या दिवशी तुमच्याच घरी उतरला होता आणि धाकट्या बहिणीला अजून टोचलेलं नव्हतं. "पाय धर मास्तरचे," आई म्हणाली, "पण रोगाचं नाव तोंडातून काढू नोको वो माय."

तुम्ही दारातच उभे. मी म्हणते, "सर, घरी माता आली. टोचणाऱ्याले धाडा जी, लहानीले टोचाचं आहे." तुम्हाला सगळं कळलेलं आहे. तरी तुम्ही म्हणता, "इंग्रजीत नीट सांग. आजार कोणता, विषाणू कोणता?" शब्द मला पाठ आहेत, सर. पण घरी भाऊ तापानं फणफणलेला, जीभ रेटत नाही. "मले नाई बोलता येत जी," मी रडते. "मग बोलता येईल तेव्हा ये," म्हणून तुम्ही दार लावता. सकाळी टोचणारा बैलबंडीनं सिरोंच्याकडे निघून गेला. भाऊ वाचला. मग धाकटीला देवी निघाल्या आणि तिचे दोन्ही डोळे गेले.

तुमचं वाटोळं व्हावं म्हणून मी काय काय मागितलं! आणि तुम्ही मात्र पिकल्या वयात, अंथरुणावर, सुखानं गेलात. याची मला आजही चीड येते. हाती लागला असतात तर तिच्यासमोर आणून बसवलं असतं, तिचं ताट वाढायला लावलं असतं रोज.

माझं नशीब बघा, मी नर्स झाले आणि आता नर्सिंगच्या पोरींना शिकवते. त्या घरी येतात तेव्हा आजार-विषाणूचं तुमचंच वाक्य माझ्या तोंडी येतं, कारण मेलं बरोबर आहे ते. काल धाकटी आत शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, "बाई, तुले शिकवणारा मास्तर मोठा चांगला असन." मी "हो" म्हणाले. तिला वाटतं, डोळे देवीनं नेले. मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.